फाटकाबाहेरचं पान

परळला मला गवत पिकवायचं आहे, असं मी पहिल्यांदा बोलले तेव्हा आमच्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. हसू आवरायचं असलं की ते चष्मा पुसतात. "उगवतंच की," ते म्हणाले, "गटाराच्या कडेनं बघा, हवं तेवढं आहे." मी हसले नाही. कुणी हसण्यावारी नेलं की माझं डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की माझ्या हातून कामं होतात. हा गुण आहे की अवगुण हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

जनावरांचा आहार हा माझा विषय. गाईम्हशींनी काय खाल्लं, किती खाल्लं आणि त्यातलं अंगी किती लागलं, हे मोजण्यात माझी वीस वर्षं गेली, तीही बहुतेक दुसऱ्यांच्या गोठ्यांत. आमच्या संस्थेच्या मागच्या अंगाला अर्ध्या एकराचा एक तुकडा पडून होता. एक जुनी बैठी इमारत पाडल्यापासून तिथे विटांचा खच, फुटकी बेसिनं, गंजलेली कपाटं आणि त्या सगळ्यावर चढलेले रानवेल. मुंबईतल्या तबेल्यांना चारा येतो तो लांबून, ट्रकमधून, निम्मा वाळून. मला बघायचं होतं की शहरातल्या अशा टाकाऊ जागेवर, धुण्याच्या वापरलेल्या पाण्यावर चारा घेता येतो का, आणि तो खाऊन कालवडी नीट वाढतात का. त्याच तुकड्यावर गाड्या लावायची सोय करावी असाही एक अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. त्याच्यावर बऱ्याच सह्या होत्या. माझ्या अर्जावर फक्त माझी.

साहेब तसे वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "एक चाचणी करा. सहा कालवडी, नव्वद दिवस. तिघींना तुमचं गवत, तिघींना विकतचा चारा. आकडे स्वच्छ आले तर जागा तुमची. जरा जरी घोळ दिसला तर मी पार्किंगवर सही करणार." मी त्याच दुपारी लालबागला जाऊन दोन फावडी आणि चार घमेली घेऊन आले.

राडारोडा उचलण्यात सगळा हिवाळा गेला. संस्थेनं दोन माणसं दिली होती. त्यातला एक पाचव्या दिवशी पाठ धरून गेला तो आलाच नाही. मग अंकल आले. अंकल म्हणजे दादरच्या जुन्या ख्रिश्चन वाडीतले निवृत्त फिटर. आमचं कडबा कापायचं यंत्र दुरुस्त करायला त्यांना बोलावलं होतं. यंत्र दुरुस्त झालं, पण अंकल घरी जाईनात. "माझ्या आजोबांची भातशेती होती इथं आसपास," ते म्हणाले. "तेव्हा परळ म्हणजे पाणी आणि चिखल. मी बघितलेलं नाही, पण ऐकून आहे ना. मी थांबतो." पगार ठरवायच्या आधीच त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती.

विटांच्या खाली माती निघाली ती करडी आणि खारट. तिच्यात शेणखत घातलं, पुन्हा घातलं, तिसऱ्यांदा घातलं. हत्ती गवताच्या कांड्या टेम्पोतून आणल्या तेव्हा नाक्यावर हवालदारानं गाडी अडवून विचारलं, "ऊस का?" मी म्हटलं, "गवत." तो टेम्पोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिला आणि शेवटी "जावा" म्हणाला. मागच्या चार मजली इमारतीतल्या बायकांनाही तो ऊसच वाटला होता. गुऱ्हाळ कधी सुरू होणार म्हणून त्यांनी दोनदा चौकशी केली. हत्ती गवताच्या शेजारी मका, चवळी आणि लसूणघास पेरला. लसूणघासानं मात्र दगा दिला. दमट हवेत मुळं कुजून गेली, आणि मी वाफेच्या वाफे उपटून फेकताना इतकी बडबडले की अंकल लांब जाऊन उभे राहिले.

उन्हाळ्यात कालवडी आल्या. पहिले दोन दिवस शेजारच्या पुलावरून ट्रक गेला की सहाच्या सहा कान टवकारून एकाच दिशेला बघायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी ट्रक मनावर घेणं सोडलं. त्यांच्या कानांत नंबरांचे बिल्ले होते. अंकल पत्ते खेळणारे, त्यामुळे त्यांनी एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी, छक्की अशी नावं पाडली. एक्का, दुर्री आणि तिर्री आमच्या गवतावर, बाकीच्या तिघी विकतच्या चाऱ्यावर. सकाळी चारा तोलून घालायचा, दुसऱ्या दिवशी उरलेला गोळा करून तोलायचा, आठवड्यातून एकदा उपाशीपोटी कालवडीला काट्यावर उभं करायचं. काटा अंकलनी स्वतः जोडला होता, आणि त्याच्यावर आम्हा दोघांना सोडून कुणी हात ठेवला तर ते ओरडायचे. सगळ्या चाचणीचा जीव एका नियमात होता. आम्ही तोललेलं सोडून कालवडीच्या तोंडात दुसरं काही जाता कामा नये.

म्हणून मी फाटकावर पाटी लावली. "गाईंना काहीही खायला घालू नये."

ही पाटी परळमध्ये लावणं म्हणजे आ बैल मुझे मार. आमच्या भागात गाय दिसणं हेच आता पुण्याचं झालंय. प्रभादेवीच्या गल्लीत एखादी बाई गाय आणि गवताची टोपली घेऊन बसलेली असते, तिच्यापुढे ऑफिसला चाललेली माणसं थांबतात, गवत घालतात, गाईच्या पाठीला हात लावून छातीला लावतात आणि पळतात. त्याच लोकांच्या खिडकीखाली मी सहा गाई आणून बांधल्या आणि वर म्हणतेय की खायला घालू नका. चार दिवसांत मला "पाटीवाली बाई" असं नाव पडलं.

पहिल्या तीन आठवड्यांचे आकडे बघून मी चक्रावले. एक्का आणि तिर्री दर गुरुवारी चारा निम्मा टाकत होत्या आणि तरी वजनाला चढत होत्या. मी काट्यावर संशय घेतला, अंकल दुखावले. मी अंकलवर संशय घेतला, ते आणखी दुखावले. शेवटी एका गुरुवारी सकाळी मी हत्ती गवतात उकिडवी बसून राहिले. नऊच्या सुमाराला मागच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली एक टोपली अगदी सावकाश खाली आली. भाजीवाल्यासाठी सोडतात तीच. तिच्यात चपात्या, गूळ आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ. तिर्री टोपली यायच्या आधीच जाग्यावर उभी होती. वरून गोड आवाज आला, "ये गं बाय माझी." मी गवतातून उठले तशी वरची बाई किंचाळली आणि टोपली हातातून सुटली.

माझं भांडण तेव्हाच व्हायचं होतं, पण त्या आठवड्यात त्या इमारतीत कुणाकडे तरी सत्यनारायण झाला. उरलेला भात आणि शिरा टाकून द्यायचा कसा, म्हणून पातेलंभर भिंतीवरून आत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर तिर्री आडवी पडलेली. डावी कूस फुगलेली, डोळे खोल गेलेले, दात खात होती. शिजवलेला भात गाईच्या पोटात एकदम गेला की आंबतो, आणि ते आंबट पाणी रक्तात उतरलं की जनावर हातचं जातं. पातेलंभर पुण्यानं गाय मरते, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पोरांना शिकवलं होतं. समोर पहिल्यांदाच बघत होते. अंकलनी तिचं तोंड धरलं, मी खायचा सोडा पाण्यात कालवून नळीनं पाजला. दुपारपर्यंत तिची कूस चोळत बसले. चार वाजता तिनं एक मोठी, घाणेरडी ढेकर दिली आणि मी शेणात बसल्या बसल्या रडले.

त्या संध्याकाळी मी इमारतीच्या जिन्यात उभी राहून सगळ्यांना बोलावलं. काय बोलले ते मला आता धड आठवत नाही, पण अंकलच्या म्हणण्याप्रमाणे आवाज प्रभादेवीपर्यंत गेला असणार. टोपलीवाली बाई निवृत्त शिक्षिका निघाली. ती हात बांधून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "पहिली पोळी गाईची, असं आम्हाला शिकवलंय. त्यानंच गाय मरते, हे कुणी शिकवलं नव्हतं. चला, मला दाखवा." मी तिला तिर्रीपाशी नेलं. बाईंनी तिच्या कुशीवर हात ठेवून पाहिला. दुसऱ्या दिवसापासून इमारतीतून एक शीतसुद्धा खाली आलं नाही. बाईंनी प्रत्येक मजल्यावर जाऊन तंबी दिली होती.

साहेबांना मी खरं सांगितलं. लपवलं असतं तर चाललंही असतं, पण खोट्या आकड्यांवर उभी राहिलेली जागा मला नको होती. त्यांनी चष्मा पुसला नाही. "पहिल्यापासून सुरू करा," ते म्हणाले. "पण ही शेवटची संधी. पुन्हा असं झालं तर मला सांगायलासुद्धा येऊ नका."

अंकलनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नव्वद दिवस मोजून शेवटच्या दिवसाभोवती लाल गोल काढला. त्याच्या सहा दिवस अलीकडे सर्वपित्री अमावास्या होती. ते मला दिसलं नाही. माझ्या आईला दिसलं.

मी आणि आई लालबागच्या चाळीत राहतो. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आई मूळची मालवणकडची; मुंबईत पन्नास वर्षं काढली तरी राग आला किंवा जीव हळवा झाला की बोलणं गावाला जातं. आमच्याकडे म्हाळाला, म्हणजे पितरांच्या जेवणाला, वडे, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबारं असा बेत. एक पान कावळ्याचं, एक गाईचं. कावळ्याची लालबागला ददात नाही. आधीच्या वर्षी आई गाईचं पान घेऊन बसनं प्रभादेवीला गेली होती. गाय घेऊन बसणारी बाई त्या दिवशी नव्हती. आई चालत पुढच्या देवळापर्यंत गेली, तिथेही नाही. दोन तासांनी घरी आली ती पान तसंच हातात घेऊन. शेवटी तिनं ते चाळीमागच्या झाडाखाली ठेवलं, आणि कुत्र्यानं खाल्लं. तिनं मला नुसतं एवढंच सांगितलं होतं की "कुत्र्यानं खाल्ला," पण त्या रात्री ती जेवली नव्हती.

या वर्षी श्रावणातच ती म्हणाली, "यंदा गाय शोधायला नको."

मला लगेच कळलं. मी म्हटलं, "आई, नाही."

"एका पानानं काय होतंय?"

"एका पानानं काही होत नाही. पण तुझं घेतलं की शेजारणीचं कसं नाकारू? आणि तिचं घेतलं की सगळ्या परळ-लालबागचं. कालवड मरायची वेळ आली होती, तुला सांगितलं ना."

"मी काय पातेलंभर भात आणतेय? एक वडा. चमचाभर खीर." तिचा आवाज खाली गेला. "तुझ्या बाबांसाठी गो."

खरं सांगायचं तर एका वड्यानं माझी चाचणी कोसळली नसती. एका वड्याचा हिशोब मला वहीत मांडता आला असता, खाली टीप लिहिता आली असती. पण एकदा मी माझ्याच माणसासाठी फाटक उघडलं असतं तर ते फाटक उरलंच नसतं. हे मी आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, उठली आणि कुकर लावला. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. दूध आणलंस का, लाईटबिल भरलंस का, झालं. महिनाभर आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही दोघी एकमेकींना वळसे घालून फिरत होतो.

अमावास्येच्या दोन दिवस आधी शिक्षिकाबाईंनी मला त्यांचा फोन दाखवला. चाळीचाळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता: "सर्वपित्रीनिमित्त परळ येथे सहा गाई उपलब्ध. वेळ सकाळी ९ ते १२. कृपया प्लास्टिक आणू नये." खाली आमच्या फाटकाचं लोकेशन. हा मेसेज चिंचपोकळीला, नायगावला, कुठे कुठे पोचला होता. मी डोक्याला हात लावला. प्लास्टिक आणू नये हे सुचलं, पण विचारावं हे नाही सुचलं!

आता पोलीस बोलवावेत, की कालवडी दोन दिवस दुसरीकडे हलवाव्यात? हलवल्या तर खाणं बिघडतं, वजनं बिघडतात. मी ठरवलं की काहीही हलवायचं नाही, मीच फाटकात उभी राहणार. बाईंनी एक युक्ती सुचवली. एक्का, दुर्री, तिर्रीच्या त्या दिवसाच्या वाट्याचं गवत आधीच तोलून त्याच्या छोट्या छोट्या जुड्या बांधायच्या. येईल त्याच्या हातात एक जुडी द्यायची, त्यानं ती कुंपणाबाहेरून बाईंच्या देखत गाईला घालायची. गाईच्या पोटात जायचं तेवढंच जाईल आणि माणसाला घातल्याचं समाधान. शिजवलेल्या अन्नाची पानं कावळ्यांसाठी भिंतीवर ठेवायची. मला पटलं. मी घरी येऊन आईला सांगितलं, आशेनं. तिनं मान वर केली नाही. "बरं," म्हणाली.

अमावास्येला सकाळी सहापासून आम्ही जुड्या बांधल्या. साडेआठलाच फाटकाशी रांग लागली. सोवळ्यातले आजोबा, ऑफिसच्या पिशवीत डबा आणि दुसऱ्या हातात केळीच्या पानाची पुरचुंडी घेतलेल्या बायका, सुनेला पुढे करून मागे उभ्या राहिलेल्या सासवा. पहिल्या काही जणांनी कुरकुर करत जुड्या घेतल्या. पण मागच्यांना पुढे काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि वड्यांचा वास सुटलेला. "गवत काय, गवत तर ती रोजच खाते!" असं कुणीतरी ओरडलं आणि बांध फुटला. एका आजीनं मला सांगितलं की तुझे पितर तुला बघून घेतील. एकानं भिंतीवर चढायचा प्रयत्न केला, त्याला अंकलनी पायाला धरून खाली उतरवलं. गळ्यात जाड साखळी आणि अंगात मंडळाचा टी-शर्ट असलेला एक उंच माणूस फाटकाचे गज धरून हलवू लागला. "तुमची स्वतःची आई पान घेऊन आली असती, मॅडम, तर घेतलंच असतं ना? आपल्याला सगळं माहिती आहे. मागच्या दारानं सगळं होतं." त्याच्या मागून "बरोबर आहे" असे आवाज आले. कडी खळखळत होती. मला पहिल्यांदाच भीती वाटली, कारण फाटक जुनं होतं आणि मी एकटी त्याला पाठ लावून उभी होते.

तेवढ्यात रांग बाजूला झाली आणि आई आली. ठेवणीतली हिरवी साडी, हातात केळीचं पान, वर दुसरं पान झाकलेलं. ती सरळ माझ्यासमोर येऊन थांबली. तिला ओळखणारे चाळीतले चारपाच जण गर्दीत होतेच. "आई आहे तिची" हे क्षणात सगळीकडे झालं आणि गडबड थांबली.

"घे," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. "तुझ्या बाबांचं पान आहे."

मी कडीत लटकलेलं उघडं कुलूप हातात घेतलं, फाटकाला लावलं आणि दाबलं. मग म्हटलं, "नाही, आई."

माझा आवाज मलाच परका वाटला. मी एक जुडी उचलून तिच्यापुढे धरली. तिनं जुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्यांनी जन्मात कधी कोशिंबीर खाल्ली नाही," ती म्हणाली, "आणि आता गवत खाणार?" गर्दीत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आई वळली. पान तसंच हातात धरून लालबागच्या दिशेनं चालू लागली. तिची पाठ मला कोपऱ्यापर्यंत दिसत होती, आणि धावत जाऊन तिला थांबवावं असं इतकं वाटलं की मी कुलूप मुठीत धरून ठेवलं.

साखळीवाल्या माणसानं गज सोडले. मग त्यानं हातातली पुरचुंडी भिंतीवर ठेवली, हात पुढे केला आणि म्हणाला, "द्या एक." त्याच्यामागून सगळ्यांनी घेतल्या. कुणी वाद घातला नाही. बारा वाजेपर्यंत जुड्या संपल्या, परळचे कावळे भिंतीवर एकमेकांच्या अंगावर पडत होते, आणि सहाच्या सहा कालवडी रवंथ करत बसल्या होत्या. अंकलनी उरलेल्या चाऱ्याचं वजन करून वहीत लिहिलं. एक काडीही जास्तीची गेली नव्हती.

सहा दिवसांनी चाचणी संपली. एक्का, दुर्री आणि तिर्री विकतच्या चाऱ्यावरच्या तिघींच्या बरोबरीनं वाढल्या होत्या. तिर्री तर, तेवढं आजारपण काढूनही, थोडी पुढेच. साहेबांनी वहीचं पान न् पान उलटलं, मधल्या काही दिवसांवर बोट ठेवून प्रश्न विचारले, अमावास्येच्या पानावर जास्तच वेळ थांबले. मग पार्किंगचा अर्ज फायलीतून काढून बाजूला ठेवला. "तीन वर्षं," ते म्हणाले. "म्हशीही आणा हव्या तर." मी अंकलना सांगायला धावले तर ते आधीच काटा पुसत होते.

घरी गेले तेव्हा आई वाल सोलत बसली होती. मी तिच्यासमोर फरशीवर बसले आणि सांगितलं की जागा मिळाली. "बरं झालं," ती म्हणाली. मूठभर वाल माझ्याकडे सरकवले. मीही सोलायला लागले.

सोलता सोलता मीच बोलले. "आई, त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर... माझं चुकलं नाही, पण मला खूप लागलंय गं. बाबांचं पान परत पाठवलं मी."

"बाबांचं पान?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसरीतलीच पोर आहे. "त्यांचं पान पहाटेच गच्चीवर ठेवलं होतं. कावळ्यानं लगेच खाल्लं. यंदा गाईचं वेगळं काढलंच नव्हतं मी. तुझ्याकडे आणलं ते नुसतं दाखवायचं. घरी येऊन मीच खाल्लं."

"मग आणलंस कशाला?" मी विचारलं.

"आदल्या दिवशी नळावर बायका बोलत होत्या. म्हणे आईचं पान गुपचूप आत जाणार आणि आमची बाहेर. म्हटलं, असं बोलतायत तर उद्या तुझं फाटक मोडून आत जातील. एकदा सगळ्यांच्या देखत मला नाही म्हटलंस की मग कुणाची टाप आहे?" वालाची एक बी उडून कपाटाखाली गेली, तिकडे तिनं लक्ष दिलं नाही. "माका ठाऊक होता तू नाय म्हणशील. म्हणान तर इलंय."

तिच्या मांडीवर डोकं ठेवावं असं वाटत होतं, पण आमच्यात तशी पद्धत नाही. मी विचारलं, "आणि मी हो म्हटलं असतं तर?"

तिची बोटं थांबली. तिनं खरंच विचार केला.

"तर तुझं सगळं मुसळ केरात गेलं असतं," ती म्हणाली. "पण माका बरं वाटलं असतं गो."